आमच्यासाठी प्रार्थना करा

आम्ही केनियात पोहोचल्याच्या तिसऱ्या आठवड्यात नाशिकच्या आमच्या मंडळीनं, म्हणजे चर्चनं, आमच्यासाठी उपास धरला. बुधवारच्या प्रार्थनासभेत सासूबाई उठल्या आणि डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, की तिथं महामारी आहे, अख्ख्या गावात आहे, आणि पोरं त्यावर हसतायत.

मूळ वाक्य माझ्या नवऱ्याचं. नाश्त्याला काय असतं, असं आईनं फोनवर विचारलं, तर हा म्हणाला, "महामरी. रोज सकाळी महामरीच. गावात घरोघरी तेच." आणि नेटवर्क गेलं.

महामरी म्हणजे नारळाच्या दुधात पीठ भिजवून, वेलची घालून तळलेली त्रिकोणी, टम्म फुगलेली पुरी. सोबत म्बाझी. ही आपली तूरच, पण तिची डाळ करून वरण लावायचं तिथं कुणाच्या डोक्यात आलेलं नाही. अख्खे दाणेच नारळाच्या दुधात शिजवतात. पहिल्या दिवशी मी वाटीत बोट घालून दाणा बाहेर काढला, उलटासुलटा करून पाहिला आणि घरचं माणूस भेटल्यासारखी हसले. खुलासा नाशिकला पोहोचेपर्यंत उपास सुटला होता. तो वाया जात नसतो, असं पाळकसाहेबांनी कळवलं. कुठंतरी जमा झाला असेल.

लग्नाला दीड वर्ष झालेलं असताना आम्ही दोघं एका संस्थेच्या वतीनं वर्षभराच्या ख्रिस्ती सेवेला गेलो होतो. मोंबासापासून आत, रबईच्या बाजूला, मंडळीच्या शाळेत मी गणित शिकवणार आणि नवरा कॉम्प्युटर. कॉम्प्युटर चार होते, त्यातला एक चालू. दर महिन्याला घरच्या मंडळीला पत्र लिहायचं आणि शेवटी "प्रार्थनेचे विषय" द्यायचे, अशी अट होती. त्या विषयांनी वर्षभर आमचा जो पिच्छा पुरवला, तो डासांनीही पुरवला नाही.

आता नाशिकहून मोंबासाच का? तर आम्ही शरणपूर रोडचे. एकोणिसाव्या शतकात अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडली जायची आणि त्यातून सुटलेली आफ्रिकी मुलं नाशिकच्या शरणपुरात वाढायची, सुतारकाम-लोहारकाम शिकायची. त्यातलाच एक जेकब वेनराइट. मिशनरी आणि संशोधक लिव्हिंग्स्टन १८७३ साली आफ्रिकेच्या पोटात वारला, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना यानं वाचली आणि पुढं लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर अॅबेत शवपेटीला खांदाही दिला. १८७५च्या सुमारास मोंबासासमोर सुटलेल्या गुलामांसाठी फ्रियरटाउन वसलं. हे नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं, आणि ते उभं करायला गेलेल्यांत शरणपुरात शिकलेले आफ्रिकी होते. मी शरणपुरात सायकल शिकले, दोनदा पडले, पण हे मला शब्बाथशाळेत कुणी सांगितलं नाही. नवऱ्यानं इंटरनेटवर वाचलं आणि त्याला पाचारण झालं. पाचारण त्याला झालं, बॅगा मी भरल्या.

फ्रियरटाउनची जुनी घंटा अजून आहे. गुलामांचे व्यापारी चाल करून आले की इशारा द्यायला ती वाजवत. घंटेला स्वाहिलीत केंगेले म्हणतात, म्हणून त्या चौकाचं नाव केंगेलेनी. चौक म्हणजे आपला द्वारका सर्कल समजा. नवरा घंटेसमोर डोळे मिटून उभा राहिला. ओठ हलत होते. मटाटू म्हणजे तिथली शेअर गाडी. तिच्या कंडक्टरच्या लेखी चौकात डोळे मिटून उभा असलेला माणूस म्हणजे गाडीची वाट पाहून पेंगुळलेला माणूस. त्यानं प्रेमानं नवऱ्याला दंडाला धरून आत बसवलं. नवऱ्यापाठोपाठ मी. आमेन म्हणून यानं डोळे उघडले तेव्हा गाडी म्ट्वापाच्या रस्त्याला लागली होती. मटाटूत चौदा जणांना परवानगी असते. आपल्या काळ्यापिवळ्या जीपमध्ये बसलेल्यांना बाकीचं सांगायला नको.

पहिल्या रविवारी आमची ओळख करून देण्यात आली. तिथले पाळक म्हणजे म्चुंगाजी. अर्थ मेंढपाळ, म्हणजे शब्दसुद्धा आपलाच. त्यांनी नवऱ्याकडं हात करून म्हटलं, हे आपले काका. माझ्याकडं हात करून म्हटलं, ही आपली दादा. स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे बहीण. बायका सगळ्या मामा, कारण मामा म्हणजे आई. मग आजोबा आले, ते बाबू. एका रविवारात माझ्या सगळ्या नात्यांची लिंगं आणि पिढ्या बदलल्या. पुढं एकदा व्हिडिओ कॉल चालू असताना दारातून कुणीतरी "दादा! दादा!" ओरडलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, कुणीतरी दादाला बोलावतंय."
"मलाच बोलावतायत, आई."
पलीकडं बराच वेळ शांतता.

माझा स्वतःचा घोटाळा छोटा, पण चिवट होता. मला दर वाक्यामागं "का?" म्हणायची खोड. स्वाहिलीत का म्हणजे बस. शेजारीण सांगायची की आज पाणी येणार नाही. मी म्हणायचे "का?" आणि ती मुकाट्यानं खाली बसायची. मुलगा म्हणायचा, गणित आलं नाही. "का?" मुलगा बसला. एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी रस्त्यात विचारलं, तर त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि एका दगडावर टेकले. महिन्याभरात गावात असं झालं की मी दिसले की लोक आधीच खुर्ची पुढं सरकवायचे, न जाणो.

पण खरा घात केला तो घड्याळानं.

नवऱ्यानं निघण्याआधी तीन महिने मोबाइलवर स्वाहिली शिकली होती. रोज एक धडा, न चुकता. शाळेचे मुख्याध्यापक चांगलं इंग्रजी बोलायचे. त्यांनी सुंदर इंग्रजीत विचारलं, उद्या किती वाजता याल? हा म्हणाला, तुम्ही स्वाहिलीतच बोला. ते खूश झाले. म्हणाले, "केशो, सा म्बिली." केशो म्हणजे उद्या, म्बिली म्हणजे दोन. आम्ही निवांत उठलो, आंघोळी केल्या, मी साडीला इस्त्री केली आणि दुपारी दोनला पाच मिनिटं कमी असताना फाटकात हजर झालो.

तीनशे मुलं सकाळी आठपासून स्वागतगीत घेऊन तयार होती. सुरुवातीला म्हणे ती उभी होती. मग बसली. मग जेवली. आम्ही आलो तेव्हा पुन्हा उभी राहिली, पण पुढच्या रांगेतलं एक पोर उभ्याउभ्याच झोपलं होतं.

तिथं दिवस सूर्याबरोबर सुरू होतो. सकाळी सातला एक वाजतो, आठला दोन, नऊला तीन. दुपारी बाराला सहा वाजतात, आणि सहाला म्हणतात सीता. हे इतकं सरळ आहे की चूक आपलीच वाटायला लागते. इंग्रजीत बोललं तर आठ, स्वाहिलीत बोललं तर दोन. तेच मुख्याध्यापक, तोच उंबरठा. मी म्चुंगाजींकडं तक्रार केली, तर ते मिश्किल हसले आणि विचारलं, द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मालक मजूर बोलवायला कितव्या तासाला जातो? मी शब्बाथशाळेतल्यासारखी घडाघडा म्हणाले, तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि अकराव्या. "मग?" ते म्हणाले, "तुम्ही शुभवर्तमान घेऊन आलात, घड्याळ तेवढं घरी विसरलात."

त्यानंतर नवरा सावध झाला, म्हणजे जास्तच बिघडला. दवाखान्यातल्या नर्सनं इंग्रजीत दोन वाजता या म्हटलं. हा मनातल्या मनात हिशेब करून सकाळी आठला जाऊन बसला. त्यात भारताचं घड्याळ अडीच तास पुढं. तिथं स्वाहिलीत दोन वाजले की नाशिकला साडेदहा. मी गणिताची शिक्षिका असून सासूबाईंना वाढदिवसाच्या शुभेच्छा पहाटे पावणेचारला दिल्या. त्यांनी त्याही प्रार्थनेच्या विषयात घातल्या: "सुनेला रात्री झोप नाही."

आता मार्था.

दुसऱ्या महिन्यात आम्ही एका आजींच्या घरी भेटीला गेलो. माडाच्या झापांचं छप्पर, एक चूल, दोन नातवंडं. निघताना त्यांनी कोपऱ्यातून एक तपकिरी कोंबडी उचलली, पाय बांधले आणि माझ्या हातात दिली. मी नको म्हणायला तोंड उघडलं, तर म्चुंगाजींनी डोळ्यांनी दटावलं. पाहुण्याला जिवंत कोंबडी देणं हा मोठा मान. मी ती ओढणीत गुंडाळून घरी आणली. सारा रस्ता तिचं काळीज माझ्या तळहातावर धडधडत होतं आणि माझंही जवळजवळ तितक्याच वेगानं.

कापणार कोण? आम्ही नाशिकचे, कोंबडी आम्हाला फक्त साफ करून, काळ्या पिशवीत घालून माहीत. नवऱ्यानं दोन दिवस सुरीला धार लावली. तिसऱ्या दिवशी त्याच सुरीनं तो तिला कोबी चिरून घालत होता. तिचं नाव मार्था पडलं, कारण शुभवर्तमानातल्या मार्थेसारखीच तिला कामातून क्षणाची उसंत नव्हती.

मग मला युक्ती सुचली. तिथं उपासनेत लोक अर्पण म्हणून अंडी, नारळ, भोपळे, मुहोगो म्हणजे कसावाचे कंद, जे असेल ते आणतात, आणि उपासना संपली की त्याचा लिलाव होतो. आपल्याकडं हंगामाच्या सणाला होतो तसाच. आमच्या मंडळीत एका सीताफळावरून दोन चुलतभावांत बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय. मार्था आम्ही अर्पणात दिली. देवाला दिली म्हणजे मान राहिला आणि सुरीही वाचली. लिलाव तीनशे शिलिंगांवर सुरू झाला. शिंपीदादा, म्हणजे आपल्या अर्थानं दादा, चारशे म्हणाले. पाळकबाई पाचशे. आठशेवर टाळ्या सुरू झाल्या. शेवटी मुख्याध्यापकांनी बाराशेला घेतली, दोन्ही हातांत उंच धरली आणि जाहीर केलं, की ही आपल्या दूरच्या पाहुण्यांना माझ्याकडून भेट.

मंडळीनं नाचत नाचत मार्था आमच्या बाकापर्यंत आणली. तिनं माझ्याकडं एका डोळ्यानं पाहिलं. कोंबड्या तशाच पाहतात, पण त्या दिवशी मला ते लागलं.

शेवटचा उपाय म्हणून म्चुंगाजींना जेवायला बोलावलं. ते कापतील, आपण तोंड फिरवू. त्यांनी बाह्या सरसावल्या, टोपली उचलली आणि खाली अंडं. कोमट, पिसाचा एक तुकडा चिकटलेलं. त्यांनी बाह्या खाली घेतल्या. अंडी घालायला लागलेल्या कोंबडीवर सुरी चालवायला हात धजत नाही, हे जगात सगळीकडं सारखं असावं. त्या दिवशी पाळकांनी उगाली आणि सुकुमा विकी खाल्ली. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. सुकुमा विकी म्हणजे पाल्याची भाजी. शब्दशः "आठवडा ढकला". आम्ही वर्ष ढकललं.

तिथं बाईला तिच्या नावानं हाक मारत नाहीत. थोरल्या मुलाच्या नावानं मारतात. मामा अमका, मामा तमकी. मला विचारत, "मामा नानी?" म्हणजे कुणाची आई? माझं उत्तर "बाडो", अजून नाही. हे उत्तर तिथं चालतं, पुढं कुणी काही म्हणत नाही. नाशिकला असा एखादा शब्द असता तर मी वर्षभर परदेशी राहिलेच नसते. मार्था मिळाल्यावर मात्र माझा प्रश्न सुटला. कोंबडी म्हणजे कुकू. मी मामा कुकू झाले. गाव त्याच नावानं हाक मारायला लागलं आणि नवऱ्यानं कौतुकानं ते फोनवर आईला सांगितलं.

पुढच्या बुधवारी नाशिकच्या प्रार्थनासभेत विषय होता: सुनबाई तिकडं जाऊन कुंकू लावायला लागली.

पाळकसाहेबांनी मला स्वतः फोन केला. फार जपून बोलले. ताई, विश्वासात चढउतार येतात. मी म्हटलं, साहेब, कुंकू नाही, कुकू. ते म्हणाले, हो हो, काहीही असो, देव अंतःकरण पाहतो. मार्थाचा फोटो पाठवला. त्यावर उत्तर आलं नाही.

एक रविवार आम्ही न्यालीजवळ रोझिना क्राफची कबर पाहायला गेलो. योहान क्राफ हा जर्मन मिशनरी १८४४ साली बायकोसह, म्हणजे या रोझिनासह, मोंबासाला आला आणि काही महिन्यांतच ती आणि तिची तान्ही मुलगी तापानं गेल्या. आम्हीही जोडीनंच आलेलो, मलेरियाच्या गोळ्या पर्समध्ये. परतीच्या वाटेवर नवरा मच्छरदाणीच्या भोकाबद्दल काही बोलला नाही. एरवी रोज बोलायचा.

वर्ष संपलं. मार्था त्या आजींकडंच परत सोपवली. त्यांनी ती ओळखली आणि आम्ही वर्षभर न खाता काय केलं, असं विचारलं.

नाशिकला आल्यावर मंडळीनं मला पंधरा मिनिटं साक्ष द्यायला सांगितलं. सगळ्यांना सिंह हवे होते. मी सिंह पाहिलेला नाही. मी कागदावर घंटा, वेनराइट, द्राक्षमळा असं भारदस्त काहीबाही लिहून काढलं. आदल्या रात्री म्चुंगाजींचा आवाजी निरोप आला आणि नवऱ्यानं तो हॉलमध्ये मोठ्यानं लावला: मामा कुकू, हाँगेरा! वाटोटो साबा! आजींकडं मार्थानं सात पिल्लं काढली होती. नवरा आनंदानं नाचला. सासूबाई स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. वर्षभर फोन करून त्यांनाही चार शब्द आले होते. हाँगेरा म्हणजे अभिनंदन. मामा म्हणजे आई. वाटोटो म्हणजे मुलं, अनेकवचन.

रविवारी माझं नाव पुकारण्याआधी पाळकसाहेब मंद हसत म्हणाले, आज या दांपत्याबद्दल एक विशेष उपकारस्तुतीचा विषय आहे. अख्ख्या महिला मंडळानं एकाच वेळी माझ्या पोटाकडं पाहिलं. मला काही उलगडेना. मी गोंधळून मागं वळले आणि सासूबाईंना विचारलं, "का?"

तिघींनी एकदम उठून माझ्यासाठी खुर्ची पुढं केली.