मुठेल, बावची आणि बिबा: एका ताईंच्या प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

ताई, तुमचं नाव दिसत नाहीये पण मुलीबद्दल लिहिलंत म्हणून ताईच म्हणते. तुमची प्रतिक्रिया वाचून नुसतं धन्यवाद लिहून सोडून द्यावंसं वाटलं नाही म्हणून जरा वेळ काढून लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. माझ्या मुठेलवरच्या, म्हणजे कोकमाच्या बियांच्या घट्ट तेलावरच्या पोस्टखाली ताईंनी लिहिलंय की नॅचरल म्हणजे चांगलं हा निव्वळ भ्रम आहे, बिबापण नॅचरलच असतो, पेट्रोलियम जेली स्वस्त आणि खात्रीची असताना कोकमाच्या तेलाचं कौतुक कशाला, असं वाचून लोक डॉक्टरकडे जायचं टाळतात, आणि त्यांच्या मुलीला एक्झिमा असताना कोणीतरी दिलेल्या ‘शुद्ध हर्बल’ क्रीमने तिचे हात आणखी चिरले.

आधी मुलीचं बोलू. खूप वाईट वाटलं वाचून. एक्झिमात त्वचेचा वरचा थर आधीच कमजोर झालेला असतो, त्यात सुगंधी तेलं गेली की आग होणारच. लव्हेंडर, टी ट्री, लिंबाच्या सालीचं तेल ही सगळी झाडांचीच, पण ॲलर्जी देण्यात पुढे. त्यातले लिनालूल, लिमोनीन हे घटक हवा लागून जुने झाले की जास्तच त्रास देतात. त्यामुळे त्या क्रीमवर ‘हर्बल’ लिहिलं होतं ते खोटं असेलच असं नाही, खरंच हर्बल असेल आणि म्हणूनच झोंबलं असेल. इथपर्यंत मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे.

पण बिब्यावर मात्र मी थांबले. बिबा उततो हे आपल्याकडे कोणाला माहीत नाही? परीट कपड्यांवर खुणा करायला बिबा वापरायचे, पण चेहऱ्याला लाव असं कुठल्या आजीने कधी सांगितलंय? बिबा, काजू, आंबा हे एकाच कुळातले. आमच्याकडे वेंगुर्ला-मालवण बाजूला काजूच्या कारखान्यात बायका हात जपून काम करतात कारण टरफलातलं तेल कातडी जाळतं. मे महिन्यात देठाचा चीक न काढता आंबा चोखला की पोरांच्या ओठांच्या कडा उततात म्हणून घराघरात आंबे आधी पाण्यात टाकून ठेवतात. कोरफड कापली की तुकडा उभा ठेवून पिवळा चीक गळू द्यायचा आणि मगच आतला पारदर्शक गर घ्यायचा, हेही घरातच शिकवलं जायचं, कारण तो पिवळा चीक त्वचेला त्रास देतो. म्हणजे आपल्या घरांमध्ये जे ज्ञान होतं ते ‘झाडाचं आहे ना, मग लाव’ असलं नव्हतंच. कुठलं झाड, त्याचा कुठला भाग, कसा तयार केलेला, कोणाला लावायचा आणि कोणाला नाही, असं ते सगळं एकत्र होतं. बाजारात आलेल्या ‘नॅचरल’ने त्यातलं झाडाचं नाव तेवढं उचललं आणि बाकीचं टाकून दिलं. तुम्हाला राग आलाय तो त्या टाकून देण्याचा आहे, आणि तो मलाही येतो. पण त्या रागात घरातलं ज्ञानही फेकून देऊ नका एवढंच माझं म्हणणं आहे.

पुरावा कुठे आहे असं तुम्ही विचारलंत. आहे, फक्त तो एकेका झाडाचा वेगवेगळा बघावा लागतो, ‘नॅचरल’ नावाच्या गठ्ठ्याचा पुरावा कुठेच मिळणार नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत उपयोगी पडेल असा एक सांगते. फिलिपिन्समध्ये २०१४ साली एक अभ्यास आला, सौम्य ते मध्यम एक्झिमा असलेली ११७ मुलं, निम्म्यांना व्हर्जिन खोबरेल आणि निम्म्यांना मिनरल ऑइल, ८ आठवडे. आजाराची तीव्रता मोजायचा जो स्कोअर असतो तो खोबरेलवाल्यांचा ६८ टक्क्यांनी उतरला आणि मिनरल ऑइलवाल्यांचा ३८ टक्क्यांनी. मिनरल ऑइल म्हणजे पेट्रोलियम जेलीच्याच घराण्यातलं, जेली स्वतः नव्हे, हेही सांगून टाकते. दुसरा अभ्यास ढाक्याचा, २००५ चा. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना हॉस्पिटलमध्ये सूर्यफुलाचं तेल हलक्या हाताने लावलं तर तेल न लावलेल्या बाळांपेक्षा तिथे होणारी इन्फेक्शन्स ४१ टक्क्यांनी कमी झाली. आणि याच्या उलट ऑलिव्ह ऑइल, तेही झाडाचंच, पण २०१३ च्या एका अभ्यासात मोठ्या माणसांच्या त्वचेचा वरचा थर त्याने कमजोर झालेला दिसला, सूर्यफुलाने तसं झालं नाही. फरक मुख्यतः त्यातल्या फॅटी ॲसिडचा, सूर्यफुलात लिनोलेइक जास्त आणि ऑलिव्हमध्ये ओलेइक जास्त.

आता बावचीबद्दल लिहायलाच हवं कारण तुमच्या आणि माझ्या म्हणण्याचा सगळा सार त्या एका काळ्या बारीक बीमध्ये आहे. आयुर्वेदात बावची कोडावर जुन्या काळापासून वापरतात, लेप लावून ऊन घ्यायचं अशी पद्धत. तिच्यात सोरालेन असतं, त्याने कातडी उन्हाला हळवी होते, आणि नीट माहिती नसताना बावचीचं तेल लावून कोणी दुपारच्या उन्हात गेलं तर भाजल्यासारखे फोड येतात. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यावर काळे डाग पडतात ना, ते याच जातीच्या घटकांमुळे. पण त्याच बीमध्ये दुसरं एक द्रव्य आहे, बाकुचिऑल. ते पहिल्यांदा वेगळं काढलं १९६६ साली, कुठे माहितीये? आपल्या पुण्यात, पाषाणच्या नॅशनल केमिकल लॅबोरेटरीत, रसायनशास्त्रज्ञ सुख देव यांच्या गटाने. मला याचा फार अभिमान वाटतो आणि आपल्याकडे कितीजणांना हे माहीतच नाही! मग २०१९ मध्ये ४४ लोकांवर १२ आठवडे एक अभ्यास झाला, काहींना ०.५ टक्के बाकुचिऑल दिवसातून दोनदा, काहींना ०.५ टक्के रेटिनॉल (सुरकुत्यांच्या क्रीममध्ये असतं ते व्हिटॅमिन ए चं एक रूप) दिवसातून एकदा. सुरकुत्या आणि डाग दोन्हींनी सारखेच कमी झाले, पण कातडी सोलवटणं आणि चुरचुरणं रेटिनॉलवाल्यांना जास्त झालं. अभ्यास छोटा आहे, मान्य. पण बघा ना, एकच बी, तिचं कच्चं तेल फोड आणू शकतं आणि तिच्यातलंच एक शुद्ध द्रव्य त्वचेला रेटिनॉलपेक्षा जास्त सोसतं. इथे ‘नॅचरल की केमिकल’ हा प्रश्न विचारून हाताला काय लागणार? बाकुचिऑल दोन्ही आहे.

आता मुठेल. पेट्रोलियम जेली पाणी अडवून धरण्यात सगळ्यात सरस आहे, यात वाद नाही, आणि तुमच्या मुलीला डॉक्टरांनी तीच सांगितली असेल तर तीच लावा. मी मुठेल लिहिलं होतं ते टाचांच्या भेगांसाठी. आमच्याकडे रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडले की साली आमसुलांना जातात, रस आगळाला, आणि मागे उरतात बिया. त्या धुऊन कडकडीत वाळवायच्या, भरडून टरफलं पाखडायची, आतला गर बारीक कुटून पाण्यात उकळायचा, मग तेल वर तरंगतं आणि गार झालं की घट्ट थर धरतं, तो काढून मुठीत वळून गोळे करायचे. यात स्टिअरिक ॲसिड भरपूर म्हणून ते एवढं टणक, साधारण ४० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे कोकणातल्या उन्हाळ्यातही गोळा गोळाच राहतो. पळीत थोडं वितळवून, बोट लावून बघायचं की कोमट झालंय, आणि रात्री भेगेत भरायचं. ते तिथेच गोठतं. जेली लावून फरशीवर चाला, पाय सटकतो आणि अर्धी जेली चादरीला. मुठेल भेगेत बसून राहतं, म्हणून दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या बाईला ते जास्त सोयीचं पडतं. शिवाय जे बी फेकलं जायचं त्यातून गावातल्या बायकांच्या हातात चार पैसे येतात, हेही माझ्यासाठी छोटं कारण नाहीये. डायबिटीस असेल, भेगेतून रक्त किंवा पू येत असेल तर मात्र मुठेल नको आणि जेलीपण नको, सरळ डॉक्टर. मूळ पोस्टमध्येही ही ओळ आहे आणि ती मी आता सगळ्यात वर नेऊन ठेवतेय.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण सांगते. आपल्याकडे सिंथेटिकच्या नुकसानीचंही रोजचं उदाहरण आहे. टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनाने, पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल त्याचं नाव, काही बायकांच्या कपाळावर पांढरा डाग पडतो, त्वचेच्या डॉक्टरांना हे चांगलं माहीत आहे. काळ्याभोर मेहंदीचंही तेच, खरी मेहंदी नारिंगीपासून गडद तपकिरी लालपर्यंत रंगते, कुळकुळीत काळा रंग आला तर त्यात बहुतेक पीपीडी नावाचं केसांच्या डायमधलं रसायन आहे आणि त्याने हातावर फोड येतात. तेव्हा ‘प्रयोगशाळेतलं म्हणजे सुरक्षित’ हाही तसाच भ्रम आहे.

मुलीसाठी एवढंच करा. चालू औषध, मलम काही बंद करू नका. हात पूर्ण बरे झाल्यावर, डॉक्टर हो म्हणाले तरच, नवीन जे काही लावायचं असेल ते आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर सकाळ-संध्याकाळ आठवडाभर लावून बघा, पहिल्या दिवशी काही झालं नाही म्हणून थांबू नका कारण ॲलर्जी उशिरा उठते. वासाचं काहीही नको, वास कितीही झाडाचा असला तरी. आणि त्या हर्बल क्रीमचा डबा अजून घरात असेल तर मागच्या लेबलचा फोटो मला पाठवा, कंपनीचं नाव झाकलंत तरी चालेल, मला फक्त घटकांची यादी बघायचीये. त्यात काय झोंबण्यासारखं आहे ते मी शोधून लिहिते, तोच कागद तुम्हाला पुढच्या वेळी डॉक्टरांनाही दाखवता येईल.