तिथे पूल नाहीये

सकाळपासून डोकं फिरलंय. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेल्या आणि कुणालाही बदल करता येणाऱ्या नकाशावर, मी ज्या भागावर लक्ष ठेवते तिथले नवे बदल चाळत होते, आणि ओढ्यावर पूल दिसला. ज्या ओढ्यावर पूल नाहीये, त्याच ओढ्यावर.

जुन्या मित्रांनी ही गोष्ट ऐकली आहे, तरी परत सांगते. तीन वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, दिवस मावळताना मी आणि बाबा त्या रस्त्याने चाललो होतो. फोनवरच्या नकाशात रस्ता सलग. प्रत्यक्षात तो सरळ पाण्यात शिरत होता आणि पलीकडच्या काठाला बाहेर निघत होता. बाबा म्हणाले, "थांब, गाडी पुढे घेऊ नकोस." खाली उतरले, एक काठी शोधली आणि पाणी बघायला गेले. तिसऱ्या पावलाला अर्धी काठी बुडाली. आम्ही मागे फिरलो. त्या रात्री मी खातं उघडलं, ओढ्याची रेघ काढली आणि रस्ता नि ओढा भेटतात त्या बिंदूवर 'फोर्ड' असा टॅग, म्हणजे माहितीची चिठ्ठी, लावला. म्हणजे उतार. पूल नाही, पाण्यातून जावं लागतं. ती माझी नकाशातली पहिली नोंद.

आज तिथल्या बदलांचा इतिहास उघडून पाहिला. आधी एकाने उपग्रहचित्र बघून ओढ्याची रेघ नव्याने काढली. माझी ओबडधोबड होती, त्याची नेटकी आहे, मान्य. पण ती रस्त्याला जोडलीच नाही, नुसती ओलांडून गेली. मग तपासणीच्या साधनाने इशारा दिला की रस्ता आणि ओढा एकमेकांना छेदतायत. मग दुसरा आला. अशा इशाऱ्याबरोबर तयार पर्यायही येतात, पूल घाला, उतार म्हणून जोडा, वगैरे. त्याने पूल निवडला. चेंजसेटवर (एकदम जतन केलेल्या बदलांच्या गठ्ठ्यावर) टिप्पणी काय, तर 'चुका दुरुस्त केल्या'. माझा उताराचा बिंदू अजून त्याच रस्त्यावर आहे, त्या खोट्या पुलापासून दहा पावलांवर. दोघांपैकी एकानेही तो पाहिला नाही.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आलाय सांगू? इशारा नाहीसा झाला. साधनाच्या लेखी आता तिथे सगळं ठीक आहे. तिथला दोष यापुढे कुणालाही दाखवला जाणार नाही. आधी निदान शंका घ्यायला जागा होती. त्या साधनाला फक्त रेघा कळतात, पाणी कळत नाही. इशारे शून्यावर आणले म्हणजे नकाशा खरा झाला, असं मानणाऱ्यांना मी हात जोडते. एका चेंजसेटमध्ये दोनशेवर बदल, एकाही जागी पाऊल न टाकता! इतक्या मोठ्या प्रमाणावर काही करायचं तर आधी इतरांशी बोलावं, ही आपल्याकडची साधी रीत आहे.

घरी बसून काम करणाऱ्यांना नावं ठेवू नकोस, असं कुणीतरी म्हणेलच. बरं, नाही ठेवत. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरच्या लोकांनी पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते उपग्रहचित्रांवरूनच काढले आणि मदतपथकांनी तोच नकाशा वापरला. पण चित्रात रस्ता दिसतो, पाण्याची खोली दिसत नाही. झाडांच्या सावलीत पूल आहे की नाही तेही दिसत नाही. मग 'फिक्समी' टॅग (इथे तपासायला हवं, अशी खूण) लावून ठेवा, नोट टाका, जवळ राहणारं कुणीतरी जाऊन बघेल. २००४ मध्ये हा नकाशा सुरू झाला, त्या सुरुवातीच्या दिवसांत लोक जीपीएस घेऊन पायी, सायकलवर फिरत होते. माहीत नाही तिथे मोकळी जागा सोडत होते. मोकळी जागा बघून माणूस चौकशी करतो. पूल बघून गाडी पुढे घेतो. अंधारात, पावसात, शेजारी काठी घेऊन उतरणारं कुणी नसताना.

हे लिहिता लिहिता पूल घालणाऱ्या त्या माणसाचं पान उघडलं. खातं चार दिवसांपूर्वीचं.

पहिल्या वर्षी मी एका पायवाटेला मोटाररस्ता करून ठेवलं होतं. चित्रात रुंद दिसत होती म्हणून. एका अनोळखी माणसाने माझा बदल उलटवला नाही, शिव्या दिल्या नाहीत, फक्त खाली विचारलं, "तुम्ही तिथे गेला होता का?" मी इथे टिकले ती त्या एका ओळीमुळे. सकाळी मी जे लिहून ठेवलं होतं ते पाठवलं असतं तर हा मुलगा (मुलगाच असावा असं वाटतंय) परत आलाच नसता. ते खोडलं आणि तीच ओळ लिहिली. खाली बाबांची आणि काठीची गोष्टही.

आत्ता उत्तर आलं. "नाही गेलो. चूक दाखवत होतं म्हणून पूल घातला. तिथून खरंच लोक जातात?"

जातात. पूल काढून टाकलाय, ओढ्याची नवी रेघ रस्त्याला जोडलीय, उतार योग्य जागी सरकवलाय. त्याच्या बाकीच्या बदलांपैकी अर्धे तो तपासणार आहे, अर्धे मी. रविवारी ओढ्यावर जाऊन परत बघून येते, म्हणजे तपासल्याची ताजी तारीख घालता येईल. बाबा येतो म्हणालेत.