आयकरवाल्या साहेबांना ताटकळत ठेवू नका

आयकर खात्यातून फोन आला की आधी घाबरा. नीट घाबरा. अर्धवट घाबरलेला माणूस प्रश्न विचारतो आणि साहेबांना प्रश्न खपत नाहीत. तुमच्या नावाने वॉरंट निघालंय, पोलीस वाटेत आहेत, पण साहेबांनी तुमच्यासाठी शब्द टाकून त्यांना तासभर थोपवून धरलंय. इतका जीव लावणारा सरकारी अधिकारी आजवर भेटला नव्हता ना? मग नशीब समजा आणि संशय घेऊ नका.

खरं खातं किती रुक्ष ते आठवा. आधी नोटीस, मग उत्तराला मुदत, नंतर अपिलाची सोय. त्यात १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रावर ‘डिन’ नावाचा क्रमांक असतो. तो ई-फायलिंग पोर्टलवर टाकला की पत्र खरं की खोटं ते लॉगिन न करताही कळतं. ठरावीक अपवाद सोडले, तर डिन नसलेलं पत्र निघालंच नाही असं धरतात. एवढी उस्तवार कोण करणार! साहेबांनी व्हॉट्सॲपवर धाडलेल्या पत्रावर अशोकस्तंभ आहे, गोल शिक्का आहे, लाल अक्षरांत ‘अतिशय तातडीचे’ आहे. तुमचं आडनाव चुकलंय खरं, पण साहेबांना कामं किती असतात.

रिफंडचंही तसंच. खरा रिफंड आधी पडताळलेल्या बँक खात्यात मुकाट जमा होतो. साहेबांचा रिफंड मात्र विवरणपत्र भरायच्या आधीच मंजूर होतो आणि ‘आज रात्री बारापर्यंत’ लिंक दाबायला सांगतो. लिंकच्या पत्त्यात ‘इन्कमटॅक्स’ दिसलं ना, बास झालं. पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असा आहे का ते पाहत बसू नका. शेवटपर्यंत वाचायची सवय आपल्याला तशीही नाही. मग ते यूपीआय पिन मागतील. पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही, हे घरातलं शाळकरी पोरगंसुद्धा सांगेल. म्हणून त्याला आधी खोलीबाहेर काढा.

आपणच भोळे, असं वाटून खट्टू होऊ नका. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा तिथली पोरं रात्रपाळीत आयआरएसचे, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचे, अधिकारी होऊन अमेरिकनांना दम देत असल्याचं उघड झालं. वाक्यं कागदावर लिहून दिलेली, उच्चार घोटून घेतलेले. थकलेला कर कसा फेडायचा, तर दुकानातून गिफ्ट कार्डं आणायची, मागचा पट्टा खरवडायचा आणि आकडे फोनवर वाचून दाखवायचे. एवढ्या मोठ्या देशाची तिजोरी आयट्यून्सच्या कार्डांवर अडलीय, हे लोकांना पटलं. घाबरलेल्या माणसाला काहीही पटतं. आयआरएस पहिला संपर्क बहुधा टपालाने करतं, पण पत्र वाचून दरदरून घाम थोडाच फुटतो!

सगळ्यात महत्त्वाचं : फोन ठेवायचा नाही आणि घरात कुणाला सांगायचं नाही. साहेब हे दोनदा बजावतील. बायको, भाऊ, सीए यांपैकी कुणाच्याही कानावर गेलं तर दोन मिनिटांत सगळा मामला आटोपेल आणि साहेबांची मेहनत पाण्यात. खात्याचा नंबर स्वतः शोधून उलट फोन करावा, असा विचार मनात आला तर तो दाबून टाका. फोनच्या पडद्यावर आयकर खात्याचं नाव झळकतंय ना? ते कुणालाही झळकवता येतं, पण आत्ता तो विषय नको.

पैसे गेल्यावर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करू नका. लवकर कळवलं तर पुढच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते; उगाच कुणाचा रंगाचा बेरंग कशाला करता? दोन-चार दिवस लाजेत काढा. तोवर दुसऱ्या साहेबांचा फोन येईलच. ते बुडालेले पैसे परत मिळवून देणाऱ्या विभागातून बोलत असतील, आणि त्यांची फी अगदी नाममात्र असेल.