राजीनामा, डोंगर आणि एडीएचडी: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका (निवृत्त बँक अधिकारी अशी ओळख तुम्हीच दिलीत, म्हणून हक्काने म्हणतो),

एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं लहानपणापासूनच जड जातं ती अवस्था) असलेल्यांना नोकरी सोडून डोंगरात निघून जावंसं का वाटतं, या माझ्या लेखावर तुम्ही चिडून लिहिलंय. तुमचं म्हणणं असं: कंटाळा सगळ्यांनाच येतो, हल्ली त्याला इंग्रजी नाव मिळालंय एवढंच. असले लेख वाचून पोरं राजीनामे देतात आणि मोकाट सुटतात. तुमचा पुतण्याही त्याच वाटेवर आहे.

कंटाळा सगळ्यांना येतो, कबूल. म्हणूनच निदान कंटाळ्यावरून होत नाही. डीएसएम-5 या मानसोपचारातल्या निदान-पुस्तिकेच्या निकषांनुसार काही लक्षणं वयाच्या 12 वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात, तीही एकाहून जास्त ठिकाणी, म्हणजे घरीही आणि शाळेतही. तिशीत बॉस आवडेनासा झाला, याला एडीएचडी म्हणत नाहीत. माझंच सांगतो. विजेचं बिल टेबलावर समोर असतं, खात्यात पैसे असतात, फोन हातात असतो, आणि तरी ते भरलं जातं वायरमन कनेक्शन तोडायला दारात उभा राहिल्यावर. आळस म्हणा हवं तर. पण आळशी माणसाला त्या बिलाची दिवसभर टोचणी नसते.

हाच माणूस हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने चढताना पाहा. घळभर सुटे दगड. पाय देण्याआधी दगड हलतो का बघायचं, निसटलाच तर खालच्यांना ओरडून सांगायचं, रॉक पॅच (उभा कातळ) आला की हार्नेसचं, म्हणजे कमरेच्या पट्ट्याचं बक्कल आणि दोराची आठाची गाठ तपासायची, कॅराबिनरचा (दोर अडकवायच्या कडीचा) स्क्रू फिरवायचा. यातलं काहीही मी विसरत नाही, कारण चुकलं तर तिथल्या तिथे कळतं. वर्षाअखेरच्या अप्रेझलला जे जमत नाही, ते हलणाऱ्या दगडाला जमतं. आणि मोकाट कसलं? पहाटे उठायचं, पाणी संपायच्या आत टाकं गाठायचं, अंधार पडायच्या आत उतरायचं. बँकेपेक्षा कडक शिस्त आहे ती!

केनियाच्या उत्तरेला आरियाल नावाचा पशुपालक समाज आहे; काही भटके, काही एका जागी वसलेले. तिथल्या पुरुषांचा एक अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. डोपामिन या मेंदूतल्या रसायनाशी निगडित डीआरडी4 जनुकाचं एक रूप, ज्याचा एडीएचडीशी थोडाफार संबंध आढळलाय, ते असलेले भटके पुरुष अंगाने बरे भरलेले होते. तेच रूप असलेले वसलेले पुरुष मात्र उलट खंगलेले. अभ्यास लहान होता, आणि एका जनुकाने कोणी भटक्या होत नाही. ‘भटकंती आमच्या रक्तातच’ असं स्टेटस ठेवणाऱ्यांनी तो जपून वापरावा. पण एकच स्वभाव एका ठिकाणी पथ्यावर पडतो आणि दुसऱ्या ठिकाणी मुळावर येतो, एवढं मी त्यातून घेतो.

राजीनाम्याबाबत मी तुमच्याच बाजूचा आहे. सगळं सोडून निघालेल्या आमच्यासारख्याला कागदपत्रं दुप्पट छळतात: ईएमआय, गाडीचा विमा, परमिटं. शिवाय गोळ्या. मेथिलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देत नाहीत, आणि आडगावात चिठ्ठी असूनही दुकानदार मान हलवतो. अभिलाष टॉमी 2012-13 मध्ये मुंबईहून निघून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ते नौदलाच्या नोकरीत राहूनच, गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीवरून. (हे उदाहरण नोकरीचं, एडीएचडीचं नव्हे.)

पुतण्याला उपदेश करायच्या भरीला पडू नका. आधी मानसोपचारतज्ज्ञाकडून नीट तपासणी होऊ दे. जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं न्या, बाईंचे शेरे तिथे कामाला येतात. मग उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंगचा बेसिक कोर्स करू दे त्याला. 28 दिवसांचा असतो, बिनपगारी रजेत बसतो. अर्ज बराच आधी करावा लागतो. तेवढा फॉर्म मात्र तुम्ही शेजारी बसून भरून घ्या, त्याच्याच्याने ते व्हायचं नाही.