‘वर्षानंतर अंगावरच्या दुधात काही नसते’ या दाव्याविषयी

मोबाइलवर सतत फिरणाऱ्या एका संदेशाचा आशय असा आहे: बाळ वर्षाचे झाले की आईच्या दुधात कस उरत नाही, तरीही पाजत राहिले तर मूल जेवत नाही आणि आईला चिकटून भित्रे होते, दोन-दोन वर्षे पाजणे हे ‘अटॅचमेंट पेरेंटिंग’ (बाळाला सतत जवळ ठेवून वाढवणे) नावाचे परदेशी खूळ असून आपल्या आज्या वर्षाच्या आतच दूध तोडत असत, म्हणून पहिल्या वाढदिवसाला अंगावरचे दूध बंद करावे. हा मजकूर इतक्या ठामपणे लिहिलेला असतो की नुकत्याच आई झालेल्या मुली तो वाचून घाबरतात आणि घरोघरी त्यावरून वाद होतात. त्यामुळे त्यातला एकेक मुद्दा तपासून पाहणे आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा दुधातल्या कसाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार ६ ते १२ महिन्यांच्या बाळाची निम्मी किंवा त्याहून अधिक ऊर्जेची गरज आणि १२ ते २४ महिन्यांच्या मुलाची सुमारे एक तृतीयांश गरज आईचे दूध भागवू शकते. दुसऱ्या वर्षातल्या दुधात जस्त आणि कॅल्शियम कमी झालेले आढळते हे खरे. परंतु लॅक्टोफेरिन, लायसोझाइम यांसारखे जंतूंपासून संरक्षण करणारे घटक त्यात टिकून राहतात, किंबहुना वाढलेले दिसतात. दूध एकट्याने पुरे पडत नाही, पण ते पहिल्या वाढदिवसानंतर नव्हे, सहा महिने पूर्ण झाल्यापासूनच पुरे पडत नाही आणि त्याचे मोठे कारण लोह हे आहे.

यातूनच दुसरा मुद्दा येतो, मूल जेवत नाही हा, आणि त्यात तथ्याचा अंश आहे. जे मूल दीड वर्षाचे झाले तरी रात्रभर अंगावर पिते आणि दिवसा दोन घासही खात नाही, त्याच्या शरीरात लोहाची कमतरता होण्याची भीती खरी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिने वयाची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. मात्र याचे खापर आईच्या दुधावर फोडण्याआधी सातव्या महिन्यापासून वाटीत काय पडते ते पाहावे. पुष्कळ घरांत वरणाचे वरवरचे पाणी, भाताची पातळ पेज आणि थोड्या दिवसांनी दुधात बुडवलेले बिस्किट एवढ्यावर महिनेच्या महिने निघतात. वरणाच्या पाण्याने पोट भरते, पण डाळ पातेल्याच्या तळाशी राहते. आपल्याकडचे खिमट हे त्याहून कितीतरी शहाणपणाचे अन्न आहे: तांदूळ आणि मूगडाळ धुऊन, वाळवून, मंद भाजून जाडसर दळायची, जिरे-हिंग घालून शिजवायची आणि वर तूप सोडायचे. ते चमच्यातून ओघळून जाईल इतके पातळ करू नये, चमच्यावर टिकले पाहिजे. पाठोपाठ कुस्करलेले अंडे, काटे नीट काढलेला मासा, बारीक केलेले मटण, शाकाहारी घरात दाट वरण, पालेभाजी आणि सोबत लिंबाचा रस हवा. आईचे दूध मिळणाऱ्या बाळालाही सहा ते आठ महिन्यांचे असताना अन्नातून रोज सुमारे २०० किलोकॅलरी लागतात आणि वर्षानंतर सुमारे ५५०. दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एखादे खाणे, असा क्रम बसवल्याशिवाय हा आकडा गाठता येत नाही.

संदेश लिहिणाऱ्याने ज्याचा विचारच केलेला नाही अशी एक गोष्ट इथे सांगायला हवी. अंगावरचे दूध तोडले की बहुतेक घरांत त्याची जागा डाळभात घेत नाही, गाईम्हशीच्या दुधाची बाटली घेते. त्या दुधातही लोह नगण्यच असते, ते लोहाच्या शोषणात अडथळा आणते आणि दिवसाकाठी अर्ध्या लिटरहून अधिक गेले तर भूकच मारते. ज्या त्रासातून सुटण्यासाठी दूध तोडले, तोच त्रास अशाने वाढतो.

मूल चिकट आणि भित्रे होते, हा तिसरा दावा. माता-बालक यांच्या ओढीचा अभ्यास करणाऱ्या मेरी एन्सवर्थ १९५४ च्या सुमारास युगांडात गेल्या, तेव्हा त्यांना प्रथम तिथल्या एका रूढीचा अभ्यास करायचा होता. दूध विसरावे म्हणून मुलाला काही दिवस आईपासून दूर, आजीकडे ठेवण्याची ती रूढी होती. ती बरीचशी मागे पडल्याचे दिसल्यावर त्यांनी घरोघरी जाऊन आई आणि बाळ यांचे निरीक्षण केले. बाळाची हाक ओळखून त्याला वेळेवर प्रतिसाद देणारी आई ज्याला लाभते, ते मूल तिला सोडून आजूबाजूचे जग पाहायला अधिक निर्धास्तपणे जाते, हे त्यांच्या या आणि पुढील कामातून पुढे आले. आपल्याकडेही दूध तोडण्यासाठी लेकराला आजोळी धाडतात किंवा स्तनाला कडुनिंब, काळा बोळ लावतात. एका रात्रीत सगळे हिरावले गेलेले मूल रडून अधिकच बिलगते आणि मग त्याच बिलगण्याला चिकटपणा म्हटले जाते, हे मला अन्यायाचे वाटते.

परदेशी खुळाचा मुद्दा लवकर निकाली निघतो. ‘अटॅचमेंट पेरेंटिंग’ हे नाव विल्यम सिअर्स या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने रूढ केले, पण दोन वर्षे पाजणाऱ्या आपल्या बायकांनी ते नाव कधी ऐकलेही नव्हते. राष्ट्रीय सर्वेक्षणांत स्तनपानाचा मध्यक कालावधी दोन वर्षांच्या पुढेच आढळत आला आहे. दात आल्यावर बाळाला ‘क्रमेण’, म्हणजे हळूहळू, स्तनापासून दूर करावे, असे अष्टांगहृदय हा आयुर्वेदाचा जुना ग्रंथ सांगतो. मात्र हे लेबल मिरवणाऱ्यांनाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे की आठव्या महिन्यात दूध बंद करावे लागलेल्या आईचे मूल प्रेमाला पारखे होत नाही. एन्सवर्थ आणि या ओढीचा सिद्धांत मांडणारे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या मांडणीत पाजण्याच्या महिन्यांवरून माया मोजलेली नाही. ‘बेबी-लेड वीनिंग’वरून होणारी भांडणेही अशीच आहेत. बाळाने हाताने खावे की आपण भरवावे, यांत एकाचीच निवड करण्याची गरज नाही. अख्खे शेंगदाणे आणि अख्खी द्राक्षे मात्र कोणत्याही पद्धतीत देऊ नयेत.

उरला पहिल्या वाढदिवसाचा मुहूर्त. प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, परंतु शेतावर किंवा लोकांच्या घरी राबणाऱ्या बाईला ती मिळत नाही. एसटी स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष आहेत, पण अनेक कामाच्या ठिकाणी आडोसाही नसतो. त्यामुळे कोणाचे दूध लवकर सुटते, तर कोणाचे अडीच वर्षे चालते. सोडवायचे ठरले तर मूल आजारी असताना किंवा जुलाब चालू असताना सुरुवात करू नये. आधी दुपारचे पाजणे बंद करून त्या वेळी खायला द्यावे, चार-पाच दिवस जाऊ द्यावेत, मग दुसरी वेळ कमी करावी आणि झोपतानाचे सर्वांत शेवटी सोडवावे. म्हणजे मुलाला सवय व्हायला वेळ मिळतो आणि आईच्या छातीत दूध साकळून गाठी होत नाहीत.