बाबांची गोळ्यांची पिशवी
मणक्यातली भूल (पाठीत सुई टोचून कमरेखालचा भाग बधिर करतात ती) कधी टाळावी, यावर एक लेख वाचला; त्यात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या एका ओळीत उरकल्यात. खरा घोळ तिथेच होतो. बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. "बीपीची एकच गोळी," असं ते ठासून सांगत होते. भूलतज्ज्ञ मॅडमनी पिशवी उलटी केली, तर स्टेंटनंतरची (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवायला बसवलेल्या जाळीनंतरची) रक्त पातळ करणारी क्लोपिडोग्रेल निघाली, सकाळीच घेतलेली! सुईच्या जागी रक्तस्राव होऊन मणक्यात रक्त साकळलं आणि मज्जारज्जूवर दाब आला तर पाय लुळे पडू शकतात, म्हणाल्या. नुसत्या ॲस्पिरिनने सहसा अडत नाही. हृदयरोगतज्ज्ञांना विचारून (आपल्या मनाने नव्हे, स्टेंट बुजू शकतो) गोळी 7 दिवस बंद, मग ऑपरेशन. रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट फार कमी किंवा सुईच्या जागी गळू असेल तरीही ही भूल नको. बाबा अजून म्हणतात, "ती तर हार्टची गोळी, रक्ताची कुठे?"