लिनक्सला व्हायरस लागत नाही, हे अर्धंच खरं

विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरली की व्हायरसची भीती नाही, असं सांगणारा एक लेख वाचला. त्यातलं "लिनक्स टाका आणि निर्धास्त झोपा" हे वाक्य काही पटलं नाही. मी स्वतः ८ वर्षं उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) वापरतोय, तरीही. मॅकवालेही पूर्वी असंच छातीठोकपणे सांगायचे. २०१२ मध्ये फ्लॅशबॅक नावाच्या व्हायरसने जावा या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीतून ६ लाखांच्या आसपास मॅक धरले. उलट मे २०१७ मध्ये फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय व्हायरसने विंडोजवाल्यांना रडवलं खरं, पण त्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मार्चमध्येच आला होता, लोकांनी टाकला नव्हता. लिनक्समध्ये सॉफ्टवेअर बहुतेक रिपॉझिटरीतूनच (अधिकृत सॉफ्टवेअर-साठ्यातूनच) येतं, पासवर्डशिवाय सिस्टिमला हात लावता येत नाही, हा फायदा आहेच. पण आमचे एक काका कुठल्याशा साइटवरची कमांड 'सुडो'सकट (म्हणजे सिस्टिमचे पूर्ण अधिकार देऊन) टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, चिकटवतात, आणि पासवर्ड मागितला की निमूटपणे तोही देतात!